विश्लेषण : पॉवर बटण तीनदा दाबलं की मदत खरंच येते का?

महिलांवरील अत्याचाराची एखादी घटना गाजली की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. 'संकटात असाल तर फोनचं पॉवर बटण तीनदा दाबा, पोलिसांना कॉल जाईल.' मेसेज खोटा नाही, पण प्रत्येक फोनसाठी खराही नाही.

हा नियम आला कुठून?

केंद्राच्या दूरसंचार विभागाने एप्रिल २०१६ मध्ये अधिसूचना काढली. १ जानेवारी २०१७ पासून पॅनिक बटणाची सोय नसलेला हँडसेट भारतात विकता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. साध्या फोनवर ५ किंवा ९ हा अंक दाबून धरायचा. स्मार्टफोनवर आपत्कालीन बटण द्यायचं किंवा पॉवर बटणच झटपट तीनदा दाबायचं. गंमत अशी की कॉल जिथे जायचा, ती ११२ क्रमांकाची यंत्रणा सुरू झाली नोव्हेंबर २०१८ मध्ये, तीही आधी हिमाचल प्रदेशात. म्हणजे बटण आधी आलं, फोन उचलणारा नंतर.

पुढे २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ मध्ये गुगलने पॉवर बटण पाच वेळा दाबण्याची सोय दिली. त्यामुळे तुमच्या हातातला फोन तीन दाबांवर चालतो की पाच, हे कंपनी, मॉडेल आणि सेटिंग यांवर ठरतं.

मग सुरक्षा अॅप टाकलं तर?

खरी गोम इथे आहे. पॉवर बटण दाबल्याची खबर अँड्रॉइड कोणत्याही साध्या अॅपला देतच नाही, ती ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःकडे ठेवते. याला कारण आहे. एखाद्या अॅपने हे बटण अडवलं, तर फोन बंद करणंही त्या अॅपच्या मर्जीवर जाईल. आवाजाची बटणं अॅपला मिळतात, पण ते अॅप स्क्रीनवर उघडं असेल तेव्हाच.

म्हणून 'पॉवर बटणावर चालणारं' अॅप एक आडवाट घेतं. स्क्रीन चालू-बंद झाल्याची सूचना अॅपला मिळू शकते. काही सेकंदांत ती अनेकदा आली, की बटण दाबलं जातंय असा अंदाज अॅप बांधतं. यासाठी त्याला मागे सतत जागं राहावं लागतं आणि बॅटरी वाचवण्यासाठी अनेक फोन अशी अॅप गुपचूप बंद करतात. चाचणीत चाललेलं अॅप महिनाभराने, नेमक्या वेळी गप्प बसू शकतं ते यामुळेच.

दुसरी वाट अॅक्सेसिबिलिटी परवानगीची. ती मूळ दिव्यांगांसाठी आहे. ती दिली की अॅप आवाजाच्या बटणांवर नजर ठेवू शकतं. पण हीच परवानगी मिळवून स्क्रीनवरचं वाचणारी, बँकेचे तपशील चोरणारी बनावट अॅपही असतात. सुरक्षेच्या नावाखाली अनोळखी अॅपला ती देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

आयफोनवर तर ही वाट आणखी अरुंद आहे. २०१० मध्ये आवाजाच्या बटणाने फोटो काढू देणारं 'कॅमेरा+' हे अॅप अॅपलने स्टोअरमधून हटवलं होतं. पुढच्याच वर्षी, आयओएस ५ मध्ये, तीच सोय कंपनीने स्वतःच्या कॅमेऱ्यात दिली!

चुकून दाबलं गेलं तर?

ब्रिटनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथल्या ९९९ क्रमांकावर मुक्या कॉलचा पूर आला. खिशात, पर्समध्ये बटण दाबलं जाऊन फोन आपोआप लागत होते. अँड्रॉइडमधला बदल हे त्यामागचं एक कारण असल्याचं तिथल्या पोलिसांनी सांगितलं. पलीकडे कुणी बोलत नसलं, तरी असा कॉल सोडून देता येत नाही, कारण बोलता न येणारी व्यक्ती खरोखर संकटात असू शकते. म्हणून चुकून लागलेला फोन कापू नका, 'चुकून लागला' एवढं सांगा, असं आवाहन पोलिसांनी केलं. ११२ च्या बाबतीतही तेच शहाणपणाचं.

तुम्ही काय तपासाल?

सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' किंवा 'इमर्जन्सी एसओएस' शोधा. किती दाब लागतात, कॉल कोणत्या क्रमांकाला जातो, आधी किती सेकंदांचं काउंटडाऊन होतं, हे तिथे कळतं. काउंटडाऊनच्या वेळी मोठा भोंगा वाजवण्याचा पर्यायही काही फोनमध्ये असतो. लपून मदत मागणाऱ्यासाठी तो घातक ठरू शकतो, तेव्हा तो चालू आहे की बंद, हे आधी पाहा.