कॅनबेराचे सरोवर शोभेपुरते नाही



कॅनबेरातील बर्ली ग्रिफिन सरोवर कृत्रिम असल्याने पाहण्याजोगे नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत अजिबात पटण्यासारखे नाही. कॅनबेराच्या रचनेसाठीची १९१२ची स्पर्धा जिंकणाऱ्या वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांच्या आराखड्यात ‘भूअक्ष’ आणि ‘जलअक्ष’, म्हणजे जमिनीवरून व पाण्यावरून आखलेल्या दोन मध्यरेषा, एकमेकींना छेदतात. त्यामुळे सरोवर वगळल्यास आराखडाच कोलमडतो. सरोवरासाठी मोलोंग्लो नदीवर बांधलेल्या स्क्रिव्हनर धरणाची दारे १९६३मध्ये बंद झाली, मात्र दुष्काळामुळे तळाशी डासांनी भरलेली डबकीच साचली आणि १९६४च्या पावसानंतर सरोवर भरले. एन्स्ली डोंगराच्या माथ्यावरून युद्धस्मारक, पाणी व संसदभवन एका ओळीत दिसतात. पत्रलेखकांनी सरोवर बहुधा केवळ काठावरूनच पाहिले असावे.

— एक वाचक