भाकरीच्या पोटात मेजवानी

ऑनसाइटला गेलेल्या प्रत्येकाचा एक ‘आज स्वयंपाक नाही’ वार असतो. माझा शनिवार. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये ७४व्या स्ट्रीटवर तूरडाळ, पोहे वगैरे घ्यायचे आणि हादडून घरी जायचं. त्या दिवशी पिशव्या सावरत रूझवेल्ट अव्हेन्यूवर वळलो. डोक्यावरून सात नंबरची ट्रेन धडधडत गेली आणि पाठोपाठ खमंग वास आला. थेट आजीच्या तव्यावरच्या भाकरीचा!

हॉटेल कसलं, खोकंच ते. एक काउंटर, पाच स्टुलं. आत एकट्या बाई गोळे थापत होत्या. पदार्थाचं नाव आरेपा. मूळ व्हेनेझुएला आणि कोलंबियाचा; पण पोट फाडून गच्च भरायची रीत खास व्हेनेझुएलाची. मक्याच्या पिठात मीठ-पाणी, तळहाताएवढी जाड चकती, तव्यावर दोन्हीकडून डाग पडेपर्यंत भाजणं. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झालं. बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत!

आत काय हवं ते सांगा. काळा घेवडा आणि पांढरं चीज म्हणजे ‘डोमिनो’. शाकाहारी मंडळी, खूश? चिकन आणि अव्होकाडो घातलं की ‘रेइना पेपिआदा’. १९५५ साली मिस वर्ल्ड झालेल्या सुझाना दुइमच्या कौतुकात कॅराकसमध्ये हे नाव पडलं. विश्वसुंदरीच्या नावाचा वडापाव आपल्याकडे अजून कुणाला सुचलेला नाही! सोबत हिरवीगार ‘ग्वासाकाका’ चटणी आणि प्यायला ‘पापेलोन कोन लिमोन’. म्हणजे काय? चक्क गुळाचं लिंबूसरबत!

दुसऱ्या आरेप्याला बाईंशी गप्पा जमल्या. त्या सगळ्यांनाच ‘मि आमोर’ म्हणायच्या, आपल्याकडच्या मावशी ‘राजा’ म्हणतात तसं. मी पिठाबद्दल विचारलं. त्यांनी पिवळं पाकीट दाखवलं, ‘आरिना पान’. १९६० पासून हे आधीच शिजवलेलं पीठ मिळायला लागलं आणि मका कांडायचा त्रास संपला. २०१६मध्ये मात्र याच पाकिटासाठी बाई तासन्‌तास रांगेत उभ्या राहिल्या होत्या. शेवटी देश सोडला. २०१५ नंतर असे ७० लाखांहून जास्त लोक बाहेर पडलेत.

मी म्हटलं, माझ्याही बॅगेत आई थालीपिठाची भाजणी भरते. बाई हसल्या. “आणि परत कधी जाणार?” मार्चमध्ये, मी म्हणालो. मग तोच प्रश्न त्यांना विचारला. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त माझ्या ताटलीत आणखी एक गरम आरेपा सरकवला. बिलात तो नव्हता.

घरी करून बघणार असाल तर एक टिप : आपलं नेहमीचं मक्याचं पीठ चालत नाही, ते कच्चं असतं. कुणी मित्र तिकडून येत असेल तर चॉकलेटं राहू द्या, एक पिवळं पाकीट मागवा. आणि हो, पहिला आरेपा एकट्याने खाऊ नका.