आता याला पाडणार कोण?

लातूरकडे कुस्तीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. टीव्हीवरच्या कुस्तीत त्याचं उत्तर सोपं असतं. रोमन रेन्सचं १३१६ दिवसांचं राज्य कोडी रोड्स संपवणार, असं पोरंसोरं आधीपासून सांगत होती. एप्रिल २०२४ मध्ये तसंच झालं. तिथं निकाल लेखक ठरवतो. आपण फक्त त्याच्या मनातलं ओळखायचं.

खऱ्या कुस्तीत मात्र भल्याभल्यांचे अंदाज चुकतात. अभिजित कटके २०१६, २०१७ आणि २०१८ अशा सलग तीन वर्षी महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत होता. २०१८ ला त्याला हरवून बाला रफिक शेख केसरी झाला. पुढची स्पर्धा जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला झाली आणि दोघंही अंतिम लढतीआधीच बाद! उरले नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि आपला लातूरचा शैलेश शेळके. सदगीर ३-२ ने जिंकला आणि त्याने शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. दोघंही काका पवारांचे पठ्ठे ना!

मला विचाराल तर भाकीत करताना पैलवानापेक्षा त्याचा वस्ताद बघावा. काका आपल्या लातूर जिल्ह्याचे. त्यांचे वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार रामलिंग मुदगडचे, म्हणजे तेही आपलेच. पण दोघांनी पोरं घडवली ती पुण्यात. एवढे वस्ताद देणाऱ्या जिल्ह्यातल्या पोराला मोठं व्हायला अजून गाव सोडावं लागतं. पुढचा केसरी कोण, यापेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते.