हिची पाळी गेली नाही, नेली!

पाळी जाणे हा आजार नाही, हे आपण चळवळीतल्या बायका वर्षानुवर्षे सांगत आलो. सांगणे भागच होते. १९६६ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने पुस्तक लिहून पाळी गेलेल्या बाईला निकामी ठरवले आणि इस्ट्रोजेनची गोळी तारुण्याची हमी म्हणून गाजवली. १९७५ मध्ये उघड झाले, नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

२००२ मध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या एकत्रित गोळीची मोठी अमेरिकन चाचणी मध्येच थांबवावी लागली. दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाचा कॅन्सर गोळी न घेणाऱ्या ३० जणींना, घेणाऱ्या ३८ जणींना झाला. पक्षाघात २१ आणि २९. खुब्याचे हाड मात्र १५ ऐवजी १० जणींचे मोडले. पण या बायकांचे सरासरी वय होते ६३! साठीच्या आत, पाळी गेल्यावर दहा वर्षांत गोळी सुरू केली तर हिशोब वेगळा असतो. आधी गोळीचा बाजार झाला, मग सरसकट भीतीचा.

या हिशोबात आपली ऊसतोड बाई कुठे आहे? बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोषही काढले, तर इस्ट्रोजेन एकदम आटते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा तरुण बाईला, स्तनाच्या कॅन्सरसारखी अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावे असे वैद्यकशास्त्रच सांगते. पिशवी नसल्याने तिला सहसा प्रोजेस्टिनही लागत नाही.

हे तिला कोणी सांगितले? ‘पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल’ असे घाबरवायला वेळ होता. पुढचे सांगायला नव्हता?

मैत्रिणींनो, ‘नैसर्गिकच आहे, सोस’ असे निदान आपण तरी तिला म्हणू नये. पुढच्या आरोग्य शिबिरात तिच्यासोबत बसून डॉक्टरांना विचारू या: बीजकोष ठेवलेत का? माझे वय आणि माझे धोके पाहता हार्मोन चालेल का? किती वर्षे? आणि ऑपरेशनचे कागद तिच्या हातात पडेपर्यंत उठायचे नाही. गोळी घ्यायची की नाही, हे तीच ठरवील. पण आधी तिला सगळे सांगा!