गाडी आमची, अपघात कुणाचा?

बीड जिल्ह्यात विमा म्हटलं की पीकविमा. जुलैतल्या रांगा, ७२ तासांत नुकसान कळवण्याची धावपळ, एकाच्या जमिनीवर दुसऱ्यानेच विमा भरल्याच्या बातम्या, हे सगळं इथल्या माणसाला पाठ आहे. गाडीचा विमा मात्र पोलिसाने अडवलं की दाखवायचा कागद. त्यामुळे आपल्या गाडीने न केलेल्या अपघाताचा दावा दारात येतो, तेव्हा करायचं काय, हे भल्याभल्यांना उमगत नाही.

माझ्या दाजींवर ही वेळ आली. दाजी जिल्हा परिषदेचे शिक्षक, राहायला केजला. बेलिफ शाळेतच येऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस देऊन गेला. केज-कळंब रस्त्यावर रात्री एका कारने मोटारसायकलला उडवलं, स्वार तरुणाचा पाय मोडला, कार थांबली नाही. त्या कारचे मालक म्हणून सामनेवाला क्रमांक एक दाजी आणि क्रमांक दोन त्यांची विमा कंपनी. ताई तर रडायलाच लागली. ओळखीतल्या जाणत्यांनी धीर दिला तो असा: “भरायलीय की कंपनी! तुमच्या खिशातून काय जायलंय? कशाला कोर्टाच्या पायऱ्या चढता, गुरुजी?”

हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. तारखेला हजर राहिला नाहीत तर प्रकरण तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालतं. चालकाचा परवाना संपलेला निघाला किंवा पॉलिसीतली एखादी महत्त्वाची अट मोडलेली निघाली, तर न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे द्यायला सांगतं आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून ही वाट पक्की झाली आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर त्या निवाड्यावर अपीलही नाही. शिवाय अपघाताच्या गुन्ह्याचा ठपका चालकावर येतो, तो कंपनीवर नाही. खिशातून काही जात नाही, हे कुणी सांगितलं?

आम्ही नोटिशीसोबतची कागदपत्रं घेऊन बसलो. घटनास्थळ पंचनामा हाताने लिहिलेला, निळ्या शाईत, घाईच्या अक्षरात. गाडीचा नंबर मराठी आकड्यांत. एमएच-२३ नंतरची अक्षरं बरोबर, पहिले तीन आकडे बरोबर. शेवटचा आकडा १ होता, पण लिहिणाऱ्याने त्याच्या शेपटाला असा झोका दिला होता की तो ९ वाटावा. दावा टाइप करणाऱ्याने ९ वाचला. परिवहन खात्याच्या नोंदीत त्या नंबरपुढे दाजींचं नाव निघालं आणि नोटीस सुटली. पंचनाम्यातच पुढे कारचा रंग पांढरा लिहिला होता. दाजींची कार राखाडी आहे. आणि मोटार वाहन निरीक्षकाने तपासलेल्या गाडीचा अहवाल दाव्याला जोडलेलाच नव्हता.

दाजींचं नशीब असं की त्या संध्याकाळी ते छत्रपती संभाजीनगरहून परतत होते. अपघाताच्या सुमारास त्यांची गाडी पाडळशिंगीचा टोलनाका ओलांडत होती. तिथून केज तासाभराहून जास्त लांब. फास्टॅगच्या खात्यात तारीख, वेळ आणि नाक्याचं नाव तिन्ही नोंदलेलं होतं. एरवी शंभरेक रुपये कापल्याचा तो मेसेज कुणी वाचतही नाही. न्यायाधिकरणात तोच साक्षीदार ठरतो.

वकीलपत्र दाखल केलं, लेखी म्हणणं दिलं, त्यासोबत फास्टॅगचा उतारा आणि गाडीचे फोटो. विमा कंपनीला वेगळं पत्र दिलं की हा अपघात आमच्या गाडीचा नाही, तुम्ही आपला तपास करा आणि आम्हाला न विचारता तडजोड करू नका. या पत्राची पोच घेतलीच पाहिजे. पोलिस ठाण्यातही अर्ज दिला. मूळ तपासात निरीक्षकाने तपासलेली गाडी वेगळीच, पांढरी, शेवटचा आकडा १ असलेली, हे तेव्हा समोर आलं.

न्यायालयाच्या आवारात त्या तरुणाचे वडील भेटले. ऊसतोडीला जाणारं कुटुंब. पोराचा पाय मोडला म्हणून त्या हंगामाला त्यांचा कोयता कमी पडला होता, मुकादमाची उचल अंगावर होती. ते दाजींना म्हणाले, “गुरुजी, आम्हाला नंबरातलं काय कळतंय? कागदात होतं ते वकिलाला दिलं.” त्यांचा राग करावा असं त्यात काही नव्हतं. उलट दाजी गप्प बसले असते तर सगळ्यात जास्त नुकसान याच माणसाचं झालं असतं. कंपनीच्या वकिलाने कधी ना कधी ही गाडी अपघातात नव्हतीच हे दाखवलं असतं, आणि चार-पाच वर्षं तारखा करून दावा फेटाळला गेला असता. आता त्यांच्या वकिलांनी दुरुस्तीचा अर्ज दिला, दाजींचं नाव वगळलं गेलं आणि खऱ्या गाडीचा मालक व त्याची कंपनी दाव्यात आली. चुकीच्या दाव्याला हरकत घेणं म्हणजे जखमी माणसाच्या पोटावर पाय देणं नव्हे. त्याला योग्य दारात नेऊन उभं करण्याचा तोच मार्ग आहे.

प्रत्येक वेळी चूक आकड्याचीच असते असं नाही. धडक देणारी गाडी सापडत नाही, मग विमा असलेली ओळखीपाळखीची एखादी गाडी दाखवली जाते. उत्तर प्रदेशात हा प्रकार इतका बोकाळला की अलाहाबाद उच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१५ रोजी विशेष तपास पथक नेमायला लावलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बनावट दावे लढवणाऱ्या वकिलांवर कारवाई होत नाही म्हणून तिथल्या बार कौन्सिललाही खडसावलं. याला नुसती लबाडी म्हणून मोकळं होता येणार नाही. तिची मुळं कायद्यातल्या तफावतीत आहेत. गाडी सापडली तर मृताचं वय, कमाई आणि कुटुंब पाहून भरपाई ठरते, ती कित्येक लाखांत जाते. गाडी अज्ञात राहिली तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये. १ एप्रिल २०२२ पूर्वी तर हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते! कर्ता माणूस गेलेल्या घराला कुणी येऊन सांगितलं, “गाडीचं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा,” तर ते घर किती वेळ नाही म्हणेल? त्या घरापेक्षा मला त्या मध्यस्थाची चीड येते. पैसा तो खातो आणि खोट्या शपथपत्राखाली सही विधवेची असते.

आणखी एक चूक याहून साधी, पण वरचेवर घडणारी. नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस गायब झालेला दिसतो, कारण कंपनीच्या नोंदीत आपल्या पॉलिसीवर कुणाचा तरी क्लेम चढलेला असतो. सलग पाच वर्षं दावा नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते, ती अशी हातची घालवू नये. क्लेम क्रमांक, सर्व्हेअरचा अहवाल आणि फोटो लेखी मागा. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जा. बीड जिल्हा पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतो. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

अज्ञात वाहनाच्या भरपाईचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. किती गावांत हे ठाऊक आहे? गाडीचा शोध लागला नाही तर या योजनेची माहिती पोलिसांनी जखमींना किंवा मृताच्या वारसांना लेखी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ रोजी बजावलं आहे. रक्कम वाढवण्याचा विचार करा, असंही केंद्राला सांगितलं आहे. रक्कम वाढेल तेव्हा वाढेल. बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलिस अधीक्षकांना माझी विनंती एवढीच की अर्जाचा नमुना आणि तो कुठे द्यायचा हे सांगणारा मराठी फलक जिल्ह्यातल्या प्रत्येक पोलिस ठाण्यात आणि सरकारी दवाखान्यात दिवाळीच्या आत लावावा. ऊसतोडीच्या गाड्या त्यानंतर रस्त्यावर येतात.