उड्डाण अडीच तासांचे, भूक दिवसभराची

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत गोमंतकात आणि सीमाभागात आजही टिकून आहे. बदलली आहे ती परतीची वाट. पूर्वी तीन-चार महिन्यांचे मूल घेऊन लेक सासरी निघे ती बसने किंवा आगगाडीने, आणि सोबत मावशी, आत्या नाहीतर धाकटा भाऊ असे. आता दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद किंवा थेट आखाती देशांत संसार थाटलेल्या मुली विमानाने परततात आणि पुष्कळदा एकट्याच परततात. चौदाव्या आठवड्याची लस टोचून झाली की तिकीट काढले जाते. नेमक्या याच वयात मुलाचा सारा आहार म्हणजे आईचे दूध. त्यामुळे विमानप्रवासात तान्ह्या बाळाला पाजायचे कसे, हा आता मूठभर सधन कुटुंबांपुरता प्रश्न राहिलेला नाही. देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या २०२४ मध्ये १६ कोटींवर गेली. गोव्यासारख्या लहानशा राज्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. तरीही या प्रश्नाकडे व्यवस्था अजून आईची वैयक्तिक अडचण म्हणूनच पाहते.

काणकोणहून मोपामार्गे दिल्लीला निघालेल्या आईचा हिशेब मांडून पाहिला तर अडचण कुठे आहे, ते लक्षात येते. घरापासून विमानतळापर्यंत रस्त्याने दोन-अडीच तास. उड्डाणाआधी किमान दोन तास पोहोचण्याची सूचना. प्रत्यक्ष उड्डाण सुमारे अडीच तासांचे. उतरल्यावर सामानाची प्रतीक्षा आणि महानगरातील वाहतूक धरून आणखी दीड-दोन तास. म्हणजे सारे काही वेळेवर घडले तरी घरातून घरापर्यंत नऊ तास होतात. तीन महिन्यांच्या मुलाला दर दोन-तीन तासांनी भूक लागते. या नऊ तासांत त्याला तीन-चार वेळा पाजावे लागते आणि त्यांतील जेमतेम एक वेळ आकाशात येते.

नियम मात्र आकाशातील वेळच मोजतात. प्रवाशाने हातातले एकच सामान विमानात न्यावे, असा नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाचा दंडक आहे. त्याला जे अपवाद आहेत, त्यांत अर्भकाच्या अन्नाचा समावेश आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु हा अपवाद दोन अटींनी बांधलेला आहे. अन्न उड्डाणाच्या काळात लागेल एवढेच असावे आणि अर्भक सोबत असावे. कागदावर या अटी निरुपद्रवी वाटतात. व्यवहारात मात्र पुढच्या बहुतेक अडचणी त्यांच्यातूनच उगम पावतात.

तपासणीच्या रांगेत

द्रवपदार्थांवरील निर्बंधांमागे ठोस कारण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये पेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके विमानात नेण्याचा कट उघडकीस आला आणि जगभर आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी १०० मिलिलिटरची मर्यादा आली. बाळाचे दूध आणि औषधे यांना तेव्हापासूनच सवलत आहे. पण सवलतीचे प्रमाण किती, हे बहुतेक ठिकाणी ‘वाजवी’ किंवा ‘आवश्यक तेवढे’ अशा शब्दांत सांगितलेले असते. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे त्या क्षणी समोर उभा असलेला कर्मचारी ठरवतो. विमानाला उशीर होईल म्हणून दोन बाटल्या जास्त घेतलेली आई त्याच्या दृष्टीने नियम मोडणारी ठरू शकते.

दुसरी अट अधिक जाचक आहे. एप्रिल २०१६ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका अमेरिकन महिलेला सुमारे १५ लिटर दूध टाकून द्यावे लागले. कामानिमित्त दोन आठवडे घरापासून दूर असताना तिने ते बाळासाठी काढून साठवले होते. बाळ सोबत नव्हते, म्हणून सवलतही नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट विमानतळावर सिंगापूरच्या एका महिलेजवळ दूध काढण्याचे यंत्र सापडले. तेव्हाही बाळ सोबत नव्हते. आपण खरोखर अंगावर पाजणारी आई आहोत, हे शरीराने सिद्ध करून दाखवण्यास तिला सांगण्यात आल्याची तक्रार तिने केली आणि तिची बातमी जगभर झाली. या दोन्ही प्रकरणांत यंत्रणेने एकच गृहीत धरले होते की आई आणि मूल नेहमी एकत्रच प्रवास करतात. नोकरदार आईचे आयुष्य तसे नसते. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. ती संपली की मूल सहा महिन्यांचे किंवा त्याहूनही लहान असताना आई कामावर रुजू होते, प्रशिक्षणाला जाते, बैठकीसाठी दुसऱ्या शहरात जाते. मूल मात्र आईच्या दुधावर दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही राहावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सुरक्षेशी तडजोड न करताही यावर मार्ग निघतो. बाटली न उघडता तिच्यातील द्रव तपासणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. अमेरिकेने २०१६ मध्ये खास कायदा करून तपासणी कर्मचाऱ्यांना आईचे दूध, डब्याचे दूध आणि दूध काढण्याची उपकरणे हाताळण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. तेथे मूल सोबत नसले तरी आईला दूध नेता येते. २०१८ च्या कायद्याने मोठ्या व मध्यम विमानतळांच्या प्रत्येक टर्मिनलमध्ये, स्वच्छतागृहापासून वेगळी, दाराला कडी असलेली आणि खुर्ची, टेबल व वीजजोडणी असलेली जागा बंधनकारक झाली. २०२० मध्ये लहान विमानतळांनाही तेच बंधन लागू झाले. जागा कशी असावी, हे कायद्यानेच लिहून ठेवल्यामुळे ते कोणाच्या मर्जीवर राहिले नाही.

विमानात बसल्यावर

विमानात पाजणे ही केवळ भुकेची बाब नसते. उड्डाणादरम्यान विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. विमान खाली येऊ लागले की हा दाब वाढतो आणि कानाच्या पडद्यावर ताण येतो. मोठी माणसे जांभई देतात, आवंढा गिळतात आणि घशाला कानाशी जोडणारी नळी उघडून दाब सम होतो. तान्ह्या मुलाची ही नळी अरुंद, आखूड आणि जवळजवळ आडवी असते, आणि मुद्दाम गिळणे त्याला कळत नाही. चोखणे आणि गिळणे हाच त्याच्यासाठी उपाय. विमान उतरताना लहान मुले एकाएकी आकांत मांडतात, त्यामागे बहुधा हे दुखणे असते.

म्हणून बालरोगतज्ज्ञ विमान चढताना आणि विशेषतः उतरताना मुलाला पाजावे, असे सांगतात. उतरण्याची सुरुवात प्रत्यक्ष धावपट्टीच्या साधारण अर्धा तास आधी होते. नेमके तेव्हाच पट्टे बांधण्याचा दिवा लागतो. दोन वर्षांखालील मूल मांडीवर घेऊन आईच्या पट्ट्याला जोडलेला छोटा पट्टा त्याच्या कमरेला बांधावा लागतो. तो बांधलेला असतानाही पाजता येते, पण ते कसे, हे कोणी दाखवलेले नसते. सुरक्षेची सूचना देतानाच सेविकेने ‘उतरायला सुरुवात झाली आहे, बाळाला आता पाजा’ एवढे एक वाक्य सांगितले, तर मुलाचे दुखणे आणि शेजाऱ्यांचा त्रागा दोन्ही टळतील. त्यासाठी पैसा लागत नाही, प्रशिक्षण लागते.

शेजाऱ्यांच्या नजरेचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. नेदरलँड्सच्या एका मोठ्या विमान कंपनीने २०१९ मध्ये, इतर प्रवाशांना संकोच वाटल्यास आईला अंग झाकून घेण्यास सांगितले जाऊ शकते, असे जाहीरपणे म्हटले आणि तिच्यावर टीकेची झोड उठली. भारतीय आई पदर किंवा ओढणी न सांगताही घेते. परंतु मधल्या आसनावर, दोन अनोळखी पुरुषांच्या मध्ये बसलेल्या आईला पदर पुरत नाही. तान्हे मूल असलेल्या प्रवाशाला खिडकीचे आसन जादा पैसे न घेता देणे कंपन्यांना अशक्य नाही.

डब्याच्या दुधावर असलेल्या मुलांची अडचण निराळी आहे. दुधाची भुकटी किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मिसळावी आणि तयार दूध दोन तासांच्या आत संपवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. भुकटी निर्जंतुक नसते, हे त्यामागचे कारण. म्हणजे घरून दूध तयार करून नेणे लांबच्या प्रवासात सुरक्षित नाही, आणि विमानतळावर व विमानात उकळून घेतलेले गरम पाणी मिळणे ही सवलत नसून गरज आहे. काढून ठेवलेले आईचे दूधही २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तासच टिकते. गोव्यातील एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बर्फाच्या पिशव्यांशिवाय तेवढाही भरवसा धरता येत नाही.

उशीर झाला की

या साऱ्या त्रुटी उघड्या पडतात त्या उड्डाणाला उशीर झाल्यावर. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले विमान धुक्यामुळे मुंबईत वळवावे लागले. कित्येक तासांच्या विलंबाने त्रासलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवत असल्याची दृश्ये देशाने पाहिली. दंडाची कारवाई झाली आणि त्याच वर्षी, दीर्घकाळ अडकलेल्या प्रवाशांना विमानातून उतरवून पुन्हा टर्मिनलमध्ये आणण्याची मुभा देणाऱ्या सूचना निघाल्या. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या कामाच्या वेळांच्या नव्या नियमांशी जुळवून घेता न आल्याने देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि विमानतळांवर प्रवाशांचे लोंढे साचले.

अशा वेळी प्रवाशाला काय मिळावे, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ठरवून दिलेले आहे. उड्डाणाच्या लांबीनुसार दोन ते चार तासांच्या विलंबानंतर खाणेपिणे आणि ठरावीक मर्यादेपलीकडे निवासाची सोय. पण हे खाणे म्हणजे डबाबंद अल्पोपाहार. चार महिन्यांच्या मुलाला तो निरुपयोगी. त्याला हवी असते निवांत बसण्याची जागा, त्याच्या आईला पिण्याचे पाणी आणि पोटभर अन्न, आणि डब्याचे दूध पिणाऱ्याला गरम पाणी. ‘उड्डाणाच्या काळापुरते’ दूध घेऊन आलेल्या कुटुंबाचे उड्डाण सहा तास लांबले, तर नियम पाळणाराच अडचणीत येतो.

खोली हवी, पण खोलीच नव्हे

सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात सार्वजनिक ठिकाणी स्तनपान आणि बालसंगोपनासाठी जागा असण्याचा संबंध आईच्या खासगीपणाशी आणि मुलाच्या हक्काशी जोडला. केंद्र सरकारने २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या सूचनांची अंमलबजावणी व्हावी, असे सांगतानाच सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कलंक मानू नये, याचीही आठवण न्यायालयाने करून दिली. हे दोन मुद्दे एकत्र वाचले पाहिजेत. खोली उपलब्ध असणे हा आईचा हक्क आहे. ‘खोली आहे, तिकडे जा’ असे तिला सांगणे हा इतर कोणाचा हक्क नाही. दाराशी लांब रांग असेल, विमानाची अंतिम घोषणा झाली असेल, तर आईने आपल्या खुर्चीवरच पाजावे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटू नये.

गोवा सरकारच्या हाती येथे बरेच काही आहे. मोपाचा विमानतळ राज्य सरकारने दिलेल्या सवलत करारातून उभा राहिला असल्याने राज्याच्या शब्दाला तेथे वजन आहे. दाबोळीची धावपट्टी नौदलाची असली तरी प्रवासी टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाकडे आहे आणि राज्य तेथे पाठपुरावा करू शकते. स्तनपान कक्ष तपासणीच्या आधी, नंतर आणि आगमन कक्षात अशा तिन्ही ठिकाणी असावा, त्यांच्या दिशादर्शक पाट्या मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत असाव्यात, बाळाच्या दुधाचा नियम तपासणीच्या रांगेपाशी ठळकपणे लावलेला असावा, या मागण्या अवाजवी नाहीत. विमानतळांपर्यंत नेणाऱ्या रस्त्यांवरच्या बसस्थानकांचाही यात विचार व्हायला हवा, कारण बाळाचा प्रवास तेथूनच सुरू होतो. प्रायोजक शोधताना एक पथ्य मात्र पाळावे लागेल. अर्भकांच्या डब्याच्या दुधाची जाहिरात १९९२ च्या कायद्याने निषिद्ध आहे, तेव्हा अशा कक्षांवर त्या कंपन्यांची नावे झळकता कामा नयेत.

केंद्राच्या पातळीवर दोन शब्दांची दुरुस्ती पुरेशी आहे. अपवादातील ‘उड्डाणाच्या काळात’ याऐवजी ‘प्रवासाच्या काळात’ असे म्हणावे आणि अर्भक सोबत असण्याची अट आईच्या काढलेल्या दुधापुरती काढून टाकावी.

महाराष्ट्रातील एसटी स्थानकांवरच्या स्तनपान कक्षांना ‘हिरकणी कक्ष’ असे नाव आहे. रायगडाचे दरवाजे सांजवेळी नियमाप्रमाणे बंद झाले आणि घरी तान्हे मूल भुकेले असेल म्हणून हिरकणी रात्री कडा उतरून गेली, ही आख्यायिका मराठी माणसाला बालपणापासून ठाऊक असते. आईच्या धाडसाचे कौतुक करताना एक गोष्ट सहसा मागे पडते. दरवाजा उघडण्याची काही तरतूद असती, तर तिला कडा उतरावाच लागला नसता. विमानतळांवरच्या नियमांत तेवढी तरतूद करणे हे आजच्या प्रशासनाला सहज शक्य आहे.