हप्ता तोच, कर्ज मात्र हलेना

जानेवारी 2022 मध्ये मी तळेगावला वन-बीएचके घेतला. कर्ज 25 लाख, मुदत 20 वर्षं, दर 6.7 टक्के, हप्ता 18,900च्या आसपास. मे 2022 पासून महागाई आवरायला रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून वाढवत फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.5 वर नेला. माझं कर्ज या रेपो दराशी जोडलेलं होतं, पण हप्ता तेवढाच कापला जाई, म्हणून मी निर्धास्त. माझा दर 9.2 झाला होता आणि जवळजवळ अख्खा हप्ता व्याजात जात होता, हे मला शाखेत विचारल्यावर कळलं. हप्त्याऐवजी मुदत वाढवली होती आणि ती माझ्या निवृत्तीपलीकडे गेली होती. त्या रात्री झोप लागली नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं : दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या आणि दर तिमाहीला विवरण द्या. नियम चांगलाच आहे. पण ते विवरण मराठीत हवं, आणि मुद्दल किती फिटलं हे पहिल्याच ओळीत हवं.

धाकटा भाऊ आता घर बघतोय. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांची मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क सहसा त्या किमतीत धरत नाहीत. ही कडक अट मला पटते. त्याला मी म्हटलं, दर अडीच टक्क्यांनी वाढला असं धरून आधी हिशेब मांड.